वाचक विचारतात: डॅफोडिल्सच्या काठावर दुसरं कोण होतं?

मागच्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेले, की शाळेत आपण सगळ्यांनी घोकलेली ती 'डॅफोडिल्स' कविता, जिच्यात विल्यम वर्डस्वर्थ ढगासारखा एकटाच भटकतोय, त्या दिवशी तो एकटा नव्हताच, धाकटी बहीण डोरोथी सोबत होती आणि तिने ते सगळं डायरीत लिहून ठेवलंय. एवढ्या दोन ओळींवर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळी सदर तिलाच देऊन टाकलंय. स्वयंपाकाचे आणि सासूसुनांचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न: ताई, मी पंचवीस वर्षं आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. तुमचं वाचून धक्काच बसला. मग ती कविता बहिणीच्या डायरीवरून उचललेली आहे का हो? मुलांना आता काय सांगू? (एक शिक्षिका, चिपळूण)

'उचललेली' म्हणू नका, पण 'त्याला आपोआप सुचली' असंही सांगू नका. आधी काय घडलं ते बघू.

तारीख 15 एप्रिल 1802. इंग्लंडच्या उत्तरेला लेक डिस्ट्रिक्ट म्हणून डोंगर-तळ्यांचा मुलुख आहे, तिथल्या अल्सवॉटर तळ्याच्या काठाने ही दोघं भावंडं चालत घरी निघाली होती. वारा इतका की मधेमधे थांबून श्वास घ्यावा लागत होता. गोबॅरो पार्कच्या पुढच्या झाडीत पाण्यालगत चार-दोन फुलं दिसली, डोरोथीला वाटलं तळ्यानेच बी वाहून आणून काठाला लावलं असेल, मग पुढे आणखी, आणखी, आणि शेवटी झाडांखाली काठाकाठाने एक लांब पट्टाच, रुंदी किती, तर ती लिहिते गावाकडच्या मोठ्या रस्त्याएवढी. मला ही उपमा फार आवडते कारण कवी असला तर तो रस्त्याची उपमा देणार नाही, त्याला तारे लागतात, आणि विल्यमने पुढे तारेच घातले. मग ती लिहिते की काही फुलांनी शेवाळलेल्या दगडांवर डोकी टेकली होती, दमल्यावर उशीवर टेकावं तशी, आणि बाकीची डुलत होती, झोकांड्या खात होती, नाचत होती, वाऱ्यासोबत जणू खरंच हसत होती.

आता कविता. ती लिहिली गेली दोन वर्षांनी, 1804 मध्ये, आणि पुस्तकात आली 1807 ला. नाच तिच्या डायरीतही आहे आणि त्याच्या कवितेतही, वारा आहे, तळं आहे, हसणं थोडं बदलून आलंय. दमून उशीवर डोकं टेकलेली फुलं मात्र गायब. आणि 'आम्ही' जाऊन 'मी' आला. गंमत म्हणजे पहिल्या छापील आवृत्तीत ताऱ्यांचं कडवं नव्हतं आणि फुलं 'सोनेरी' पण नव्हती, ते सगळं 1815 ला आलं, म्हणजे तुम्ही मुलांकडून जी पाठ करून घेता ती दुरुस्त केलेली प्रत. आणखी एक, 'अंतरीचा डोळा' आणि 'एकांताचं सुख' या ज्या दोन ओळींवर आपण परीक्षेत संदर्भासह स्पष्टीकरण लिहायला लावतो, त्या विल्यमच्या नाहीतच, त्या त्याच्या बायकोच्या, मेरीच्या. हे त्याने स्वतः सांगितलंय. मेरी त्या दिवशी तिथे नव्हती. डायरीत त्या रात्रीबद्दल लिहिलंय की आम्हाला मजा आली, मेरी हवी होती.

म्हणजे बघा, एकटेपणाची जगातली सगळ्यात फेमस कविता, आणि ती तिघांची मिळून आहे. मुलांना हे सांगा, त्यांना नक्की आवडेल.

आणि हो, त्याच नोंदीत पुढे काय आहे सांगू? दोघं चिंब भिजून पॅटरडेलच्या खानावळीत पोचले, मालकीण तिरसट चेहऱ्याची होती, पण जेवण मस्त, हॅम आणि बटाटे, वर गरम पाण्यातली रम, आणि निघताना बिल 7 शिलिंग. जगप्रसिद्ध फुलांच्या खाली हॉटेलचं बिल लिहिणारी बाई मला तरी लगेच आपली वाटते.

प्रश्न: मॅम, मी बी.ए. सेकंड इयरला आहे. ही दोघं लहानपणापासून एकत्रच वाढली का? थोडक्यात सांगा प्लीज, पुढच्या आठवड्यात पेपर आहे. (एक विद्यार्थिनी, लातूर)

थोडक्यात: नाही. आता जरा लांबण लावते, कारण हे कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही तुला.

विल्यम 1770 चा, डोरोथी 1771 ची, तीही नाताळच्या दिवशी जन्मलेली. गाव कॉकरमथ. पाच भावंडं, चार भाऊ आणि ही एकटी मुलगी. 1778 ला आई गेली आणि सहा वर्षांच्या डोरोथीला हॅलिफॅक्सला आईच्या चुलतबहिणीकडे पाठवून दिलं. 1783 च्या शेवटी वडीलही गेले. मुलगे सुट्टीत तरी घरी येत, हिला कोणी बोलावलंच नाही, नऊ वर्षं ती भावांना भेटली नाही. वडील सर जेम्स लोदर नावाच्या बड्या जमीनदाराचे वकील-कारभारी, त्याने त्यांचे हजारो पौंड थकवलेले, आणि तो मरेपर्यंत, म्हणजे 1802 पर्यंत, पोरांना दमडी मिळाली नाही. म्हणजे आईबाप नाहीत, घर नाही, पैसे नाहीत आणि वर नातेवाइकांचे उपकार. आजीआजोबांकडे पेनरिथला काही दिवस, मग मामाकडे नॉरफोकला काही वर्षं, त्याची पोरं सांभाळत.

1787 ला भाऊ पुन्हा भेटले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तेव्हापासून या दोघांचं एकच स्वप्न, स्वतःचं एक छोटं घर. ते जमलं 1795 ला, कारण विल्यमचा एक आजारी मित्र मरताना त्याला 900 पौंड ठेवून गेला. आधी डॉर्सेटमधलं रेसडाउन, मग कोलरिज या कवीच्या शेजारी राहता यावं म्हणून सॉमरसेटमधलं अल्फॉक्सडन, मधे एक हिवाळा जर्मनीत गारठून काढला, आणि डिसेंबर 1799 मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या ग्रासमिअरचं घर, ज्याला आता डव्ह कॉटेज म्हणतात. तिथून पुढे शेवटपर्यंत ती भावाच्याच घरी.

पेपरात हे लिही: तिच्या महत्त्वाच्या डायऱ्या दोन, अल्फॉक्सडनची 1798 ची आणि ग्रासमिअरची मे 1800 ते जानेवारी 1803. आणि 'टिंटर्न ॲबी' या कवितेच्या शेवटी तो जिच्याशी बोलतो ती हीच. ऑल द बेस्ट.

प्रश्न: एक साधा प्रश्न. आजच्या भाषेत हे कंटेंट चोरणं नाही का? बाई निरीक्षण करणार, लिहिणार, आणि पुस्तकावर नाव भावाचं. तिला कधी क्रेडिट मिळालं का? आणि तिला राग कसा आला नाही? (एक आयटीवाला, पुणे)

राग तुम्हाला आलाय तसा मलाही पूर्वी यायचा, वर्गात मी तावातावाने बोलायचे. मग डायरी नीट सलग वाचली आणि जरा थंड झाले. पूर्ण नाही, जरा.

ती डायरी सुरू कशी होते बघा. 14 मे 1800, विल्यम आणि धाकटा भाऊ जॉन दोघं यॉर्कशरला गेलेत, ही त्यांना निरोप देऊन तळ्याकाठी दगडावर बसून भरपूर रडते, घरी येते आणि ठरवते की हे परत येईपर्यंत रोजनिशी लिहायची. का? कारणं दोन देते. एक, स्वतःशी भांडायचं नाहीये म्हणून. दोन, विल्यम घरी आला की त्याला वाचून बरं वाटेल म्हणून. झालं. म्हणजे ही डायरी कुलूपबंद नव्हती आणि छापायलाही नव्हती, तिला पहिल्या दिवसापासून बरोब्बर एक वाचक होता. आणि माझं मत विचाराल तर ती इतकी चांगली का आहे याचं कारणच ते आहे. त्या एका वाचकासमोर तिला हुशारी दाखवायची नव्हती, डोंगराचं नाव आणि शेजाऱ्याचं नातं समजावून सांगायचं नव्हतं, फक्त तू नव्हतास तेव्हा काय दिसलं ते सांगायचं होतं. त्यामुळे विल्यम त्यात हात घालायचा तो घरातल्या लाडवाच्या डब्यात घालावा तसा, विचारायची पद्धतच नव्हती. आता डबा कोण भरतं याचा हिशोब घरात कधी होतो का, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता, आणि विचाराच.

उदाहरणं देते. ऑक्टोबर 1800, दोघांना रस्त्यात जवळजवळ दुमडलेला एक म्हातारा भेटतो, जळवा गोळा करून विकणारा, तेव्हा डॉक्टर लोक रक्त काढायला जळवा लावायचे. डोरोथी सगळं टिपते, अंगरखा कसा, टोपी कसली, दहा पोरं झाली त्यातलं एकच उरलंय आणि ते खलाशी, त्याची वर्षानुवर्षं खबर नाही, जळवा आता मिळत नाहीत म्हणून तो भीक मागतो, आणि भाव, पूर्वी शेकडा अडीच शिलिंग होता तो आता 30 शिलिंग. दीड वर्षाने विल्यम यावर मोठी कविता लिहितो. त्यात माळावर तो एकटाच, म्हातारा अजून जळवा धरतोय, गंभीर आणि करारी मनाचा, भीकबीक नाही. भाव पण नाही. कविता थोर आहे, यात वाद नाही, पण त्या म्हाताऱ्याचं पोट कशाने भरत होतं हे कळायला डोरोथीकडेच जावं लागतं.

दुसरं, भिकारी पोरांचं. हे तर तिने एकटीने पाहिलेलं, विल्यम तिथे नव्हताच. उंच देखणी बाई दारात भीक मागून गेली, नंतर डोरोथीला रस्त्यात टोप्यांना फुलं खोवून फुलपाखरामागे धावणारी दोन पोरं दिसली, ती पण मागायला लागली, ही म्हणाली तुमच्या आईला सकाळीच दिलं की, तर पोरगा म्हणतो आमची आई तर मेलीय! मार्च 1802 मध्ये विल्यम यावर कविता लिहायला बसला, अडला, म्हणून संध्याकाळी डोरोथीने त्याला आपली जुनी नोंद वाचून दाखवली. आणि पुढे ती लिहिते, वाचली तेच चुकलं, कारण मग त्याला तेच शब्द सोडवेनात आणि कविता होईना.

हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल. तिचं गद्य इतकं घट्ट की त्यातून कवीला बाहेर पडता येत नाही, आणि तिला मात्र वाटतंय आपण त्याची अडचण केली.

दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठायच्या आत कविता पुरी झाली. मग नाश्त्याला बसले, त्याच्यासमोर सूपचा वाडगा आणि ब्रेड-बटरची बशी तशीच, सदऱ्याचं गळ्याचं बटण उघडं, पायात मोजे नाहीत, एक घास खाल्ला नाही आणि फुलपाखरावर आणखी एक कविता लिहून टाकली. ती कशावरून सुचली? लहानपणी आपण फुलपाखरं कशी पकडायचो यावर गप्पा चालल्या होत्या. ती म्हणाली, मी थोडी मागे धावायचे पण पंखांवरची धूळ झडेल या भीतीने पकडायचे नाही. कवितेत ते तसंच्या तसं आहे. त्यानेच दुसऱ्या एका कवितेत म्हटलंय, तिने मला डोळे दिले, कान दिले. म्हणजे उपकार मानले नाहीत असं नाही, पण खरं नाव न घालता, 'एमेलिन' वगैरे करून.

क्रेडिटचं म्हणाल तर 1815 च्या संग्रहात त्याने तिच्या तीन कविता घेतल्या, खाली 'एका मैत्रिणीची' एवढंच. आणि 1818 मध्ये ती एका मैत्रिणीबरोबर स्कॅफेल पाइक हा इंग्लंडमधला सगळ्यात उंच डोंगर चढली, वय 46, आणि त्याचं झकास वर्णन पत्रात लिहिलं. विल्यमने ते आपल्या लेक डिस्ट्रिक्टच्या गाइडबुकात घातलं, नाव न देता, मग लोकांना वाटणारच ना की तोच चढला. इथे मात्र माझा राग परत येतो.

तिला राग का नाही आला? तिचं स्वतःचं मत होतं की 'लेखिका' म्हणून मिरवायची कल्पनाच नकोशी वाटते. हे कधी लिहिलं तर 1810 मध्ये. झालं असं, की 1808 च्या मार्चमध्ये ग्रासमिअरजवळ जॉर्ज आणि सारा ग्रीन हे गरीब नवराबायको बर्फाच्या वादळात डोंगरावर मेले, मागे आठ पोरं, तेव्हा पोरांसाठी मदत जमवायला तिने त्यांची हकीकत लिहिली होती. मैत्रीण म्हणाली छाप, हिने नकार दिला, पोरांकडे लोकांचं कुतूहल वळायला नको हेही कारण दिलं. ते छापून आलं 1936 ला. तिच्या या डायऱ्या पुस्तक म्हणून लोकांसमोर आल्या त्याही ती गेल्यावर चाळीस-एक वर्षांनी. आता हा नम्रपणा खरा तिचा किती आणि त्या काळातल्या बाईला घातलेलं वळण किती, हे वेगळं काढून दाखवणं मला तरी जमत नाही. आपल्याकडच्या किती आज्यांच्या ओव्या कोणी लिहून घेतल्या म्हणून राहिल्या, आठवून बघा.

प्रश्न: नेटवर त्या दोघांच्या नात्याबद्दल काहीबाही लिहिलेलं असतं. अंगठीचा काय किस्सा आहे? खरंच काही होतं का? (नाव नको, ठाणे)

येणारच होता हा प्रश्न.

4 ऑक्टोबर 1802, विल्यमचं मेरी हचिन्सनशी लग्न, यॉर्कशरमधल्या ब्रॉम्प्टनच्या चर्चमध्ये. मेरी ही डोरोथीची जुनी जिवलग मैत्रीण, परकी कोणी नाही. डोरोथी लग्नाला गेलीच नाही, घरीच थांबली. सकाळी तिने अंगठी विल्यमला दिली, आदल्या रात्रभर ती तिच्याच बोटात होती, त्याने ती क्षणभर पुन्हा तिच्या बोटात सरकवली आणि तिला आशीर्वाद दिला. या ओळी डायरीत नंतर कोणीतरी जाड शाईने खोडल्यात, पुढे अभ्यासकांनी खालचं वाचून काढलं. लग्न लागल्याचं सांगायला माणसं धावत येताना दिसली तेव्हा तिने अंथरुणावर अंग टाकलं, निपचित पडून राहिली, काही ऐकू येत नव्हतं, काही दिसत नव्हतं, मग उठून धावत विल्यमकडे गेली.

यावरून कोणाला काय तर्क करायचा तो करू दे. सहाव्या वर्षी जिचं घर मोडलं आणि चोविसाव्या वर्षी ते एका भावामुळे परत मिळालं, तिला त्या घरात तिसरं माणूस येताना काय झालं असेल हे समजायला मला 'काहीबाही' लागत नाही. लग्नानंतर तिघंच गाडीतून ग्रासमिअरला आली आणि पुढे पन्नास वर्षं त्या दोघी एका घरात राहिल्या, पोरं सांभाळली, दोन पोरं 1812 मध्ये गेली ती दोघींनी सोसली. नणंद-भावजयीचं असं गूळपीठ आपल्या मालिकांना परवडणार नाही.

आणखी एक, लग्नाआधी ऑगस्टमध्ये विल्यम फ्रान्सला कॅलेला गेला होता, त्याच्या आधीच्या फ्रेंच प्रेयसीला ॲनेटला आणि तिच्यापासून झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला भेटायला. सोबत कोण? डोरोथीच. जाताना लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावरून पहाटेचं शहर दिसलं, तेही डायरीत आहे आणि त्यावरचं सुनीत पण तुमच्या पाठ्यपुस्तकात असेल.

प्रश्न: मी घरी असते, दोन मुलं, सासरे आजारी. मला फक्त एवढंच विचारायचंय, घरचं सगळं कोण करायचं आणि ती लिहायची कधी? (एक गृहिणी, नागपूर)

अहो, या अंकातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा आहे.

घरचं तीच करायची. मॉली फिशर नावाची म्हातारी शेजारीण रोज थोडे तास मदतीला यायची, बाकी सगळं हिच्याकडे. ब्रेड भाजणं, 'पाय' (सारण भरून भट्टीत भाजायचा पदार्थ) करणं, वाटाणे खुडणं, वाल लावणं, सदरे शिवणं, इस्त्री, गालिचा शिवणं. वरच्या मजल्यावरची एक खोली इतकी गार की तिने भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवली. शिवाय विल्यमच्या कवितांच्या स्वच्छ प्रती काढायच्या, कारण त्याला चालता चालता सुचायचं पण हाताने लिहायला बसलं की छातीत-कुशीत दुखायचं. आणि रात्री त्याला झोप लागेना की वाचून दाखवायचं. शिवाय तिची स्वतःची डोकेदुखी, ती पानापानावर आहे.

मग लिहायची कधी तर मधे मधे. आणि ते दिसतं. एका वाक्यात ते 'पाय' भट्टीत भाजून झाले, त्याच्याच पुढे चंद्र. सलग 'साहित्यिक' असं पान जवळपास नाहीच, एका श्वासात इस्त्री आणि विजेसारखं काहीतरी. 1798 च्या मार्चमध्ये झाडाच्या शेंड्यावर उरलेलं एकुलतं एक पान तिने पाहिलं, वाऱ्याने उडणाऱ्या चिंधीसारखं गरगर नाचणारं. ते पान कोलरिजने आपल्या कवितेत नेलं, लाल रंग दिला, चिंधी काढून टाकली. मला विचाराल तर चिंधीच पाहिजे होती. चिंध्या ज्याच्या हातात रोज येतात त्यालाच ती दिसते.

दोन नोंदी सांगते, मग बघा तुम्हाला काय वाटतं. 4 मार्च 1802, विल्यम बाहेरगावी गेलाय. ती लिहिते, मी कामात राहीन, तो परत येईल तेव्हा मी छान दिसेन, ठणठणीत असेन, अगं बाई, हे त्याचं अर्धवट खाल्लेलं सफरचंद, चुलीत टाकवत नाही. आणि 31 मे ला: आज माझा दात तुटला, लवकरच सगळे जातील, जाऊ दे, माझ्यावर माया करणारं कोणी असेल, मला अजून काही नको. वय किती, तीस.

प्रश्न: मी मर्चंट नेव्हीत होतो. यांचा एक भाऊ जहाजावर होता आणि हिंदुस्थानला येताना बुडाला असं वाचल्यासारखं वाटतं. खरं का? (निवृत्त, रत्नागिरी)

खरं. धाकटा जॉन, ईस्ट इंडिया कंपनीच्या 'अर्ल ऑफ ॲबरगॅव्हेनी' जहाजाचा कप्तान. 5 फेब्रुवारी 1805 ला बंगाल आणि चीनच्या सफरीवर निघालेलं जहाज इंग्लंडचा किनारा सोडायच्या आधीच, वेमथजवळ बुडालं. त्या सफरीत विल्यम आणि डोरोथीचेही पैसे गुंतले होते, कारण जॉनचा बेत होता की चार पैसे कमवावे आणि ग्रासमिअरलाच भावाबहिणीजवळ येऊन राहावं. डव्ह कॉटेजमध्ये तो महिनोन् महिने राहिला होता, 1800 साली. म्हणजे आपल्याकडे येऊन तो जो पैसा करणार होता त्यावर त्यांचं तिकडचं छोटं घर चालायचं होतं. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातली कंपनी आणि इंग्रजीच्या पुस्तकातला कवी, दोघं एकाच घरात जेवत होते, हे आपल्याला वेगवेगळ्या तासाला शिकवतात म्हणून लक्षात येत नाही.

प्रश्न: शेवट कसा झाला तिचा? आणि डायरी वाचायची तर कुठून सुरुवात करू? इंग्रजी बेताचं आहे. (एक वाचक, बेळगाव)

शेवट लांबलचक झाला. 1829 ला ती भाच्याकडे गेली असताना मोठं आजारपण आलं, त्यातून ती कधी पुरती उठली नाही. 1835 पासून डोकंही चालेनासं झालं, आज आपण डिमेन्शिया म्हणतो तसं काहीसं. मैलोनमैल चालणारी बाई रायडल माउंट या त्यांच्या नंतरच्या घरात वीस वर्षं जवळपास खोलीत. विल्यम आणि मेरीने सांभाळलं. मधेच कविता धडाधड म्हणायची म्हणे, बाकी गोंधळ. आजार वाढायच्या आधी, 1832 मध्ये तिने अंथरुणावरून एक कविता लिहिली, कोणीतरी वसंतातली पहिली फुलं खोलीत आणली होती, त्यात ती म्हणते की आता हलायची गरज नाही, ताकदीची नाही, आठवणीने मी तिथे पोचते. तिशी ओलांडायच्या आत भावाने टिंटर्नच्या कवितेत तिला सांगून ठेवलं होतं की पुढे कधी त्रास झाला तर हे सगळं आठव, त्याला तिने चौतीस वर्षांनी दिलेलं उत्तर आहे ते. विल्यम 1850 ला गेला, डोरोथी 25 जानेवारी 1855 ला. ग्रासमिअरच्या चर्चच्या आवारात सगळे शेजारी शेजारी आहेत.

सुरुवात कुठून म्हणाल तर 15 एप्रिलपासून नको, ते पान सगळेच वाचतात. इंग्रजी बेताचं असलं तरी चालेल, तिची वाक्यं तुटक आणि साधी आहेत, डिक्शनरी लागेल ती पक्ष्यांच्या आणि झाडांच्या नावांना. ग्रासमिअर डायरीची शेवटची मोठी नोंद काढा, जानेवारी 1803. कडाक्याची थंडी. विल्यमला जिंजरब्रेड, म्हणजे आल्याचा केक-बिस्किटासारखा गोड पदार्थ, खावंसं वाटलं. ही मॉलीचा झगा अंगावर घेऊन निघाली, गावातल्या एका अंध दुकानदाराकडे. तो, त्याची बायको, बहीण, तिघं रविवारचे स्वच्छ कपडे घालून शेकोटीपाशी बसलेले, बहीण वाचतेय. कपाटातून त्यांनी होतं तेवढं जिंजरब्रेड काढलं. हिला जाड हवं होतं, ते नव्हतं, म्हणून हिने पातळ घेतलं, सहा पेनींचं. पैसे दिल्यावर त्यांना इतका आनंद झाला की, आम्ही घरीच करणार आहोत हे सांगायचं हिच्याने झालं नाही. दुसऱ्या दिवशी घरी जिंजरब्रेड भट्टीत असताना नेमकी त्याची बायको दारात हजर, जाडवालं मिळवून आणलेलं.

हिने तेही घेतलं, दोन पेनींचं.